पंचेचाळीस दिवसांत दुरुस्ती

करोनात दीड वर्षाची बुडालेली शाळा पंचेचाळीस दिवसांत भरून काढायला राज्याने १ जुलै २०२१ रोजी सेतू अभ्यासक्रम काढला. इयत्ता दुसरी ते दहावी, टप्प्याटप्प्याने चाचण्या, सगळं शिस्तीत. मुंबईतल्या शाळांना कुलूप होतं, एवढं सोडलं तर तयारी चोख. म्हणून सेतू पीडीएफमधून आला.

मुंबईतल्याच चारकोपच्या सेक्टरांतल्या बैठ्या घरात फोन एकच, आणि तो सकाळी बाबांबरोबर रिक्षावर जातो. रात्री परततो तेव्हा बॅटरी लाल, डेटा संपलेला, आणि नंबरात ताई आधी, कारण तिची दहावी. धाकटा दुसरीत. त्याने उजळणी करायची पहिलीची, जिचा वर्ग त्याने आतून कधी पाहिलाच नव्हता! पास मात्र तो झाला होता. त्या वर्षी नापास व्हायची सोयच नव्हती.

मुंबईत त्याची शाळा उघडली १५ डिसेंबरला. जानेवारीत पुन्हा बंद, २४ तारखेला पुन्हा सुरू.

रखडलेली कामं चारकोपला नवी नाहीत: चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोची कोनशिला २००९ मध्ये बसली, २०१४ मध्ये करारच रद्द झाला. सेतूचं तसं झालं नाही. तो ऑगस्टातच, ठरल्या मुदतीत पूर्ण झाला. पलीकडे कोण पोहोचलं, हा रकाना तक्त्यात नसावा.