गुरू ठाण्यात, शिष्य कल्याणात

मराठी नाटकातील आणि कथेतील उपरोधाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ग्रंथालयाची पायरी चढण्यापूर्वी मध्य रेल्वेवरचा ठाणे ते कल्याण हा वीसेक किलोमीटरचा पट्टा एकदा नीट पाहून घ्यावा. त्याच्या एका टोकाला, मासुंदा तलावाच्या काठी, १९७८ साली उभे राहिलेले राम गणेश गडकरी रंगायतन आहे आणि दुसऱ्या टोकाला कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर; गडकऱ्यांना आयुष्यभर गुरू मानणाऱ्या अत्र्यांना गुरूपासून आदरयुक्त अंतरावर, पण त्याच लोहमार्गावर ठेवण्याचे औचित्य दोन शहरांनी साधले, तेही हेतू नसताना, हा नमुना अभ्यासाच्या आरंभाला पुरेसा आहे.

उपरोधाचे स्थूलमानाने तीन प्रकार मानता येतात. शब्दांचा वरवरचा अर्थ एक आणि बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ त्याच्या उलट, हा शाब्दिक उपरोध. संस्कृत अलंकारशास्त्राने त्याची एक जात व्याजस्तुती, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा, या नावाने नोंदवून ठेवली असून लग्नसमारंभात व्याह्यांच्या व्यवस्थेविषयी काढले जाणारे बहुतेक उद्गार तीत बसतात. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, हा नाट्यगत उपरोध. माणूस जे टाळण्यासाठी धावतो त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो, तो प्रसंगाचा उपरोध. या तिसऱ्याचे जगन्मान्य उदाहरण म्हणजे सोफोक्लिसचा नायक, ज्याला पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणले: भविष्यवाणी खोटी पाडण्यासाठी तो कॉरिंथ सोडून निघतो आणि ती खरी करणाऱ्या वाटेलाच लागतो. ग्रीक समीक्षकांना हे समजावून सांगण्यास पुष्कळ कागद लागला; डोंबिवलीकराला मात्र ते उपजत कळते, कारण मुंबईला जायचे म्हणून सकाळी आधी कल्याणच्या गाडीत चढणे आणि तीच गाडी उलट फिरली की आपल्याच फलाटावर ताटकळणाऱ्या शेजाऱ्यांकडे बसल्या जागेवरून पाहणे, हा त्याचा नित्यक्रम आहे. फरक एवढाच, की डोंबिवलीकर हे जाणूनबुजून करतो आणि त्याला खिडकी मिळते. ओयदिपौसाची तशी काही सोय झाली नाही.

ठाण्यापुरते बोलायचे तर या शहराने शाब्दिक उपरोध सोसूनच मराठी भाषेत प्रवेश केला. येथे १९०१ साली मनोरुग्णालय स्थापन झाले आणि पुढे कित्येक दशके ‘याला ठाण्याला न्यायला हवे’ या वाक्यात तलावांचा किंवा हवापालटाचा संबंध उरला नाही. ‘आम्ही ठाण्याचे’ असे अभिमानाने सांगणाऱ्याला ‘कधी सोडले?’ असे गंभीरपणे विचारणारी पिढी अजून पुरती संपलेली नाही. अशा शहराने ज्याच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकांपैकी एकाचे नाव ‘वेड्यांचा बाजार’ आहे त्या नाटककाराचे नाव आपल्या रंगमंदिराला द्यावे, हा निर्णय नगरपित्यांच्या सभेत हसू न येता झाला असेल, तर त्यांच्या संयमाचे कौतुक करावे लागेल.

गडकऱ्यांच्या चरित्रात प्रसंगाचा उपरोध त्यांच्या नाटकांइतकाच दाट आहे. ते २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक ‘एकच प्याला’ पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला रंगभूमीवर आणले. ‘गोविंदाग्रज’ या नावाने महाराष्ट्राला कवितेचे वेड लावणाऱ्या या माणसाच्या त्या नाटकातली पदे मात्र वि. सी. गुर्जर यांनी लिहिली, आणि गुर्जर हे मूळचे कथालेखक. म्हणजे कवीचे नाटक गाते झाले ते गोष्टी लिहिणाऱ्याच्या शब्दांवर.

नाटकाच्या आत शिरले की हा उपरोध अधिक खोल जातो. वकील सुधाकराची सनद काही काळासाठी रद्द होते, त्याचा अपमान त्याला सोसत नाही, आणि तो विसरण्याचे औषध म्हणून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो, तेव्हा तो एकच असणार आहे यावर रंगमंचावरील सुधाकराचा विश्वास असतो आणि प्रेक्षागृहात कोणाचाही नसतो. शीर्षक ठाऊक असूनही नव्हे, तर ठाऊक असल्यामुळेच. पण गडकऱ्यांची खरी चलाखी पुढे आहे. आर्यमदिरामंडळ स्थापन करून दारूला संस्थेची प्रतिष्ठा देणारा तळीराम प्रेक्षकाला इतका हसवतो, की सुधाकराची बायको सिंधू हिच्या संसाराची राख करणाऱ्या माणसावर तोच प्रेक्षक लोभ करू लागतो, आणि तिच्या हातात जाते आल्यावर डोळे पुसतानाही आपण आधी कोणाच्या बाजूने हसलो याचा हिशेब त्याला देता येत नाही. मद्यपानाविरुद्धच्या या भेदक नाटकाचे समाजाने जे केले त्यापुढे तर नाटककाराचाही उपरोध फिका पडावा: ३१ डिसेंबर आला की पोलिसांच्या नाकाबंदीच्या बातमीवर वृत्तपत्रे ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा छापतात आणि ज्याची दहशत बसावी म्हणून हे पात्र निर्माण झाले, त्याचेच नाव लाडके होऊन आरोपीला चिकटते. मध्यंतरात उपाशी सिंधूविषयी गहिवरून बोलताना रसिकांच्या हातात बटाटावडा असतो, तोही दुसरा, हे येथे केवळ पूर्णतेसाठी नोंदवले आहे.

कथेत रंगमंच नसतो, त्यामुळे पात्राला न कळणारे वाचकाला कळवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर म्हणजे अजाण निवेदक: जो गोष्ट सांगतो, पण आपण काय सांगून बसलो हे ज्याला उमगत नाही. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने ठकीच्या लग्नाची मोहीम रणधुमाळीच्या गांभीर्याने वर्णिली, त्यात याची सुरुवात दिसते. पण हा निवेदक खरा नांदता झाला तो चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावात. चिमणराव आपली फजिती इतक्या प्रामाणिकपणे आणि टापटिपीने मांडतो, की वाचक त्याला हसत असताना तो मात्र वाचक आपल्याशी सहमत आहे असे धरून चालतो. या कारकुनाचे जनक स्वतः बडोद्याला राहून पालीचे अध्यापन करणारे विद्वान होते. दिवसा बुद्धाने सांगितलेला तृष्णेचा क्षय शिकवायचा आणि नंतर गुंड्याभाऊच्या संगतीत सापडलेल्या गृहस्थाची दुःखे लिहायची, ही विभागणी मानवी स्वभावाच्या अभ्यासाला पोषकच ठरली असावी. शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे यांच्यासारखे कथाकार ज्या डोंबिवलीत राहिले, तेथे चिमणरावाचे वंशज आजही मोठ्या संख्येने आढळतात, मात्र त्यांना चिमणराव दुसऱ्या इमारतीत राहतो असे वाटते.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये, म्हणजे १९६७ पासून, या निरुपद्रवी हास्याला दात फुटले. रात्रीच्या प्रयोगापूर्वी वेळ काढायला मांडलेला खोटा खटला लीला बेणारेच्या खऱ्या आयुष्यावर येऊन ठेपतो, आणि तिला फाडून खाणाऱ्या मंडळीच्या संस्थेच्या नावात ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द असतो. त्यानंतर हसणाऱ्यांची जबाबदारी वाढली, आणि विनोदी लेखांना येथून काढता पाय घ्यावा लागतो.

कल्याणच्या टोकाला असलेल्या शिष्याने गुरूचा नाट्यगत उपरोध न्यायालयातच नेला. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये, १९६२ साली, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून, वेगवेगळ्या नावांनी बायकांना फसवणारा तो आपण नव्हेच, असे शांतपणे सांगतो. साक्षीदार येतात, फिरत्या रंगमंचावर गतकाळ उभा राहतो, आणि सरकारी पक्ष जीव तोडून जे सिद्ध करू पाहतो ते प्रेक्षकाने तिकीट काढतानाच मान्य केलेले असे, कारण ही सगळी रूपे एकच प्रभाकर पणशीकर कशी वठवतात, हे पाहायलाच तो आलेला असे. आरोपी खोटे बोलतो हे ठाऊक असलेले सभागृह त्याच्या प्रत्येक खोट्यावर टाळी देत असे. न्यायदानाची इतकी प्रसन्न अवहेलना मराठीत दुसरी नसावी. या नाटकाचा व्यावहारिक वारसा मात्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटला आहे. तिसऱ्या घंटेपूर्वी भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची विनंती होते, पडदा वर जातो, नेमक्या हळव्या क्षणी मधल्या रांगेतून भक्तिगीताची धून मोठ्याने वाजू लागते, सारे सभागृह वळून पाहते, आणि ज्याच्या खिशात ती वाजत असते तो गृहस्थही तितक्याच संतापाने मागच्या रांगेकडे वळून पाहतो.