एक जूनच्या बाई

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त माणसं कोणत्या दिवशी जन्मली, हे बघायला जनगणना लागत नाही. कुठल्याही झेडपी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडा: 1 जून. पोराला शाळेत घालायला आजा यायचा. जन्मतारीख विचारली की म्हणायचा, "लिहा की गुर्जी तुमच्या मनानं." गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघायचे आणि जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तर अख्खेच्या अख्खे वर्ग एकाच दिवशी जन्मले आहेत. आया बिचाऱ्या वेगवेगळी बाळंतपणं सांगत राहतात, पण त्यांना विचारतो कोण?

गुरुजींच्या या कृपेची वसुली पुढं 58व्या वर्षी होते. 1 जूनला जन्मलेला सरकारी माणूस 31 मेला निवृत्त. ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, खात्यातली निम्मी माणसं खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन घामाघूम बसलेली असतात. भाषणं करणाऱ्यांचीही सोय असते. एकच भाषण, नाव बदलून, दिवसभर.

आमच्या ओळखीच्या एक बाई अशाच 31 मेला निवृत्त झाल्या. झेडपीच्या शाळेत मास्तरकी, म्हणजे आयुष्यभर 'बाई'. घरीही बाई, दारीही बाई. त्यांची आई सांगायची, "कोयनेचा भूकंप झाला तवा तू पोटात हुतीस." कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. सरकारी कागदावर बाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. म्हणजे गुरुजींनी बाईंचा बराचसा पगार त्या जन्मायच्या आधीच कापून ठेवला होता.

तरीही वाढदिवस 1 जूनचाच धरायचा आणि तो परदेशात करायचा, तोही एकटीनं, असं बाईंनी ठरवलं. इटली. जुनी गावं बघायची, मिळेल ते खायचं आणि कुणाच्या ताटात वाढायचं नाही.

नोकरीत असेपर्यंत परदेशी जायला खात्याची परवानगी लागते. 31 मेच्या रात्री बारापर्यंत बाईंना सरकारची परवानगी लागत होती, बारानंतर फक्त नवऱ्याची, म्हणजे भाऊंची. भाऊंनी ती दिली. म्हणजे 'नको' म्हणाले नाहीत, फक्त विचारलं, "कुकरच्या किती शिट्ट्या?"

कागदपत्रांची गंमत वेगळीच. शेंगेन व्हिसाला प्रवासाचा विमा लागतो, निदान 30,000 युरोंचा. बँकेचा उतारा लागतो, जायचं-यायचं तिकीट लागतं. व्हिसाचा फॉर्म बाईंनी एका बैठकीत भरला. वेळ लागला तो नावापायी. दाखल्यावर उस्मानाबाद, नव्या कागदांवर धाराशिव. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, त्याची वार्ता जुन्या दाखल्यांना कोण देणार? जन्मतारीख गुरुजींनी दिलेली, जिल्हा आधी निजामानं आणि मग मंत्रिमंडळानं दिलेला. पासपोर्टवर बाईंचं स्वतःचं म्हणावं असं एकच, फोटो. तोही त्यांच्यासारखा दिसत नाही.

गल्लीचा फॉर्म मात्र व्हिसाहून लांब निघाला. "एकट्याच जायलाव का बाई? सोबत कुणीच न्हाई? मग भाऊंच्या जेवणाचं काय? तिकडं भाकरी मिळती का? अन् काही झालं तर?" शेवटच्या प्रश्नात तर काही व्हावंच अशी थोडी आशाही होती. कुणी सुचवलं, टूरवाल्यांबरोबर जा, रोज वरण-भात देतात. व्हेनिसच्या कालव्यात नाव आणि नावेत वरण-भात, यासाठी माणसं लाखांनी पैसे मोजतात, हे खरंच आहे.

एकटीनं परदेशी जाण्यात नवल काय आहे, हे या गल्लीला सांगणार कोण? आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठराच्या होत्या, सोबत नवरा नव्हता. त्यांची गोष्ट बाईंनी वर्षानुवर्षं वर्गात सांगितली आणि पालकांनी माना डोलावल्या. मीना प्रभूंनी जग पालथं घातलं, इटलीवर 'रोमराज्य' लिहिलं. आपल्या वाचनालयात अशी पुस्तकं दुपारच्या वेळी बायकाच नेतात आणि कुणाच्या पोटात दुखत नाही. बाईनं प्रवास वाचावा, त्यावर परीक्षा घ्यावी, निबंध तपासावा. तिकीट काढलं की भाऊंचं जेवण आठवतं.

तर बाई रात्रीच्या मुंबई गाडीत बसल्या. सत्काराची शाल बरोबर घेतली होती. एसी डब्यात तिचा पहिल्यांदा उपयोग झाला.

नेपल्समध्ये त्यांनी पहिल्या दिवशी एका टेबलावर एकटीनं बसून अख्खा पिझ्झा खाल्ला. नेपल्सचा पिझ्झा मऊ असतो, मधे ओलसर, कडेनं फुगलेला, भट्टीचे काळे डाग पडलेला. आपल्याकडं 'करपला' म्हणून परत पाठवतील तो तिथं नावाजला जातो. वर चीज म्हशीच्या दुधाचं. त्या भागात म्हशी पाळतात आणि त्यांच्या दुधाचा मोझरेला जगभर मिरवतो. आमच्याकडच्या भूमच्या खव्यात वाढलेल्या बाईला दूध आटवायचं सोडून ताणत का बसतात, हा प्रश्न पडला, पण दुसरा गोळा मागवून झाल्यावर. जेवणावर दुधाची कॉफी मागितली तेव्हा वेटरनं वरपासून खालपर्यंत बघितलं. दुधाची कॉफी सकाळीच प्यायची असते म्हणे तिकडं. इथंही लोक नावं ठेवतात, हे कळल्यावर बाईंना घरी असल्यासारखं वाटलं.

पाँपेईत त्या बेकरीपाशी रेंगाळल्या. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. तिथल्या बेकऱ्यांत काळ्या दगडाची भलीमोठी जाती अजून उभी आहेत. गाढवं नाहीतर गुलाम ती फिरवायचे. त्या दिवशी भाजलेले पाव कोळसा होऊन उरले, त्यावरच्या आठ फोडींच्या रेघाही शाबूत आहेत. बाईंचं गणित पक्कं: आठ फोडी म्हणजे घरात माणसं मोजून असणार, आणि वाढणारीच्या वाट्याला कडेची.

खरी मजा नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात झाली. तिथं एक 'गुप्त दालन' आहे. पाँपेईत सापडलेल्या ज्या वस्तू पाहून सभ्य लोकांना घाम फुटला, त्या सगळ्या तिथं ठेवल्या. लहान मुलांना मोठ्यांशिवाय आत सोडत नाहीत. त्या दालनात वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई उभी आहे, अंगावर दागिने भरपूर आणि कपडे जवळजवळ नाहीत. 1938 मध्ये सापडली. पाँपेईची लक्ष्मी म्हणतात तिला, लक्ष्मी असेलच असं नाही. मूर्ती भारतातली, एवढं नक्की.

बाजूच्या गोऱ्या जोडप्याला तिच्यात काय दिसलं कोण जाणे, बाईंना तेर दिसलं. धाराशिवहून तासाभराच्या आत पोचता येतं असं गाव, गोरोबाकाकांचं. तिथंही हस्तिदंताची तशीच बाहुली निघाली, भोकरदनलाही तशी निघाली, आणि अभ्यासकांनी पाँपेईच्या मूर्तीशी त्यांचं नातं केव्हाच जोडून ठेवलंय. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जातं अशी नोंद आहे. भडोचहून जहाजं थेट रोमच्या मुलखाकडं. दोन हजार वर्षांपूर्वी तगरचा माल पश्चिमेला जायचा, आज आमच्याकडून पुण्याला पोरं जातात.

बाईंनी तेरच्या लामतुरे संग्रहालयात किती सहली नेल्या असतील! "रांगेत चला, काचेला हात लावू नका," हे म्हणण्यात तिथल्या बाहुलीकडं निवांत बघायचं राहूनच गेलं; तशीच बाहुली निवांत बघायला मिळाली ती अशी, समुद्र ओलांडून, मागं पोरं नसताना. आधी त्यांना बरं वाटलं की ही आपल्याआधी एकटीच इथवर आली. मग चष्मा लावून नीट बघितलं. एकटी कुठली? दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी प्रसाधनाचं सामान घेऊन उभ्या. म्हणजे तीही ग्रुपबरोबरच.

बाई परत आल्या तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता. 'विदेश दौरा यशस्वी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. वर नेत्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांचे, मधे कुठंतरी पासपोर्टच्या झेरॉक्समधून कापलेल्या बाई. भाऊ बारीक झाले नव्हते, याची गल्लीनं थोडी खंत करून घेतली.

आता 1 जूनला जन्मलेल्या इतर बायांच्या अंगात वारं शिरलंय. व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघालाय, 'आमची सोलो ट्रिप'. सभासद छत्तीस. अॅडमिन एकीचे मिस्टर. पहिलाच मेसेज त्यांचा: कुणीही एकटं निघू नये, सगळ्यांनी मिळून निघायचं आहे, आचारी बरोबर घेतला आहे.