गादीबहाद्दर

गादीबहाद्दर म्हणजे आपल्या पिकअप ट्रकच्या सीटांवरचं कापड स्वतःच्या हातांनी उतरवून त्या जागी चामडं चढवणारा गृहस्थ. तो अमेरिकेत सर्वत्र आढळतो, पण त्याची खरी पैदास टेक्सासात. त्या राज्यात पिकअप घ्यायला शेत किंवा गुरं असावी लागत नाहीत. बँकेतला कारकून, दातांचा डॉक्टर, शाळेतला गणिताचा मास्तर असे सगळे मागे उघडा हौदा असलेली गाडी घेऊन कामावर जातात आणि हौद्यात बहुधा काहीच नसतं. फोर्डची एफ-मालिका 1948 साली निघाली आणि 1977 पासून अमेरिकेतल्या पिकअपमध्ये खपाच्या बाबतीत पहिला नंबर तिचाच आहे. तेव्हा गादीबहाद्दराला कच्च्या मालाचा तुटवडा कधी पडत नाही.

या वृत्तीचा उगम शोरूममध्ये होतो. कंपनी एकच ट्रक पायऱ्यापायऱ्यांनी विकते. फोर्डच्या एफ-150 मध्ये तळाला एक्सएल, त्यावर एक्सएलटी, मग लॅरिएट आणि त्याच्याही वर किंग रँच. खालच्या पायऱ्यांवर कापड किंवा व्हिनाइल. चामड्याचं राज्य लॅरिएटपासून सुरू होतं. किंग रँच हे नाव दक्षिण टेक्सासातल्या 1853 सालच्या एका गुरांच्या कुरणावरून घेतलेलं आहे. कुरण म्हणायचं, पण त्याचा विस्तार सुमारे 8,25,000 एकर, म्हणजे त्यात पाच मुंबया मावून वर थोडी जागा उरेल. लॅरिएटसाठी हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात, कारण चामडं सुटं मिळत नाही. त्याच्याबरोबर न मागितलेल्या पाच-सात सोयीही गळ्यात पडतात. गादीबहाद्दर एक्सएलटी घेतो. विचारलं तर सांगतो, ‘उगाच कशाला पैसे घालवायचे? काम तर तेवढंच करते.’ हे वाक्य तो मनापासून बोलतो आणि पहिल्याच महिन्यात सिग्नलला शेजारी थांबलेल्या लॅरिएटच्या काचेतून आत बघतो.

चामड्याला ही प्रतिष्ठा मुळात नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या श्रीमंती मोटारींत चामडं असे ते ड्रायव्हरच्या सीटवर. तो उघड्यावर बसायचा, त्याच्यावर पाऊस पडायचा, म्हणून त्याला पुसून घेता येईल असं काहीतरी द्यायचं. मालक मागे बंद डब्यात लोकरी कापडावर बसत. जपानने ही रीत अजून सोडलेली नाही. तिथल्या सम्राटाच्या टोयोटा सेंच्युरी रॉयलमध्ये पुढची सीट चामड्याची आणि सम्राटाची मागची सीट लोकरी कापडाची आहे. म्हणजे गादीबहाद्दर एवढा आटापिटा करून मालकाच्या आसनावरून ड्रायव्हरच्या आसनावर येतो. पण ही माहिती त्याला सांगून उपयोग नसतो. तोवर चामडी कव्हरांचं खोकं घरी आलेलं असतं.

गादीबहाद्दरांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ खोकेवाल्यांचा. काही कंपन्या ट्रकचं साल आणि मॉडेल विचारून त्या मापाची शिवलेली चामडी कव्हरं पाठवतात. ही कव्हरं जुन्यावरून घालायची नसतात, जुनं काढून त्या जागी चढवायची असतात. दुसरा पंथ कडव्यांचा. हे लोक गाईचं अख्खं चामडं विकत आणतात. ते जेमतेम पन्नास चौरस फूट भरतं. पोटाकडचा भाग सैल, मानेकडे सुरकुत्या, मध्येच काटेरी तारेचा जुना ओरखडा. हे सगळं चुकवून सीटचे पंधरा-वीस तुकडे त्यातून कापायचे असतात. मग ते घरातल्या शिलाई मशीनवर जातं आणि मशीन दोन पदरांवरच सुई मोडून राजीनामा देतं. खालचा-वरचा दोन्ही पदर एकदम पुढे ओढणारं जाड कामाचं मशीन वेगळं असतं. कडवा पंथी तेही घेतो आणि घेतल्यावर हिशेबाची वही बंद करतो. पुढे मशीन वसूल करायला तो शेजाऱ्याच्या होडीच्या, मोटारसायकलच्या, शेवटी कुत्र्याच्या गाद्याही शिवतो. या पंथाची संख्या थोडी आणि दरारा मोठा आहे. सर्वसाधारण अभ्यासासाठी खोकेवालाच घ्यावा.

खोकेवाल्याची समजूत अशी असते की हे काम उशीचा अभ्रा बदलण्यासारखं आहे. खोक्यातल्या कागदावरच्या चित्रांतला माणूस हसत असतो, त्याच्या बाह्या दुमडलेल्या असतात आणि कपाळावर घाम नसतो. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एक सूचना असते: सीट सोडवण्याआधी बॅटरी काढा आणि थोडा वेळ थांबा. सीटच्या बाहेरच्या कडेत एअरबॅग दडलेली असते आणि तिच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरायला काही मिनिटं लागतात. गादीबहाद्दर हा आज्ञाधारक माणूस आहे. तो सर्वांत आधी बॅटरी काढतो. मग टॉर्क्सचा पाना घेऊन पुढचे दोन बोल्ट काढतो आणि मागचे काढायला जातो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की मागचे बोल्ट दिसायला सीट पुढे सरकायला हवी, सीट विजेवर सरकते आणि वीज त्यानेच पाच मिनिटांपूर्वी घालवली आहे. बॅटरी पुन्हा जोडली जाते. जगातल्या प्रत्येक गादीबहाद्दराने बॅटरी दोनदा काढलेली असते आणि तो कोणालाही एकदाच सांगतो.

सीट बाहेर आली की खाली काय काय निघतं हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. नाणी, पेनांची टोपणं, बाळाचा एक मोजा आणि फ्रेंच फ्राइज, ज्या वर्ष लोटलं तरी आकार बदलत नाहीत. कधीकधी दहा मिलिमीटरचा हरवलेला सॉकेटही सापडतो. त्या दिवशी काम तिथेच थांबतं, कारण तो सगळ्यांना दाखवायचा असतो.

खरी कसोटी तारेच्या कड्यांची. फोमच्या गादीत आडव्या-उभ्या खाचा असतात, खाचांच्या तळाशी तार पुरलेली असते आणि कापडाच्या शिवणीतली तार या तारेला इंग्रजी सी अक्षरासारख्या छोट्या कड्यांनी बांधलेली असते. सीटला जो घाट दिसतो, तो या कड्यांचा. जुन्या कड्या एकेक करून कटरने तोडायच्या. बोट फोममध्ये दुसऱ्या पेरापर्यंत घालून, न बघता, तिथे तार आहे की कडी आहे हे ओळखावं लागतं. तुटलेली कडी उडून गॅरेजच्या कोपऱ्यात जाते आणि पुढे कधीतरी अनवाणी पायाला सापडते. नव्या कड्या खास पकडीने दाबायच्या असतात. पकड खोक्यात येते, पण ती जेमतेम एका सीटचा जीव घेऊन आलेली असते. पहिली सीट उतरवून चढवायला गादीबहाद्दराला शनिवार पुरत नाही. दुसरी मात्र तो रविवारी दुपारच्या आत करतो आणि पहिली पुन्हा उघडावीशी वाटून तिच्याकडे बघत उभा राहतो.

चामडं ताणायचं तर ते गरम हवं. थंडीतल्या राज्यांत त्यासाठी हेअर ड्रायर आणि वाफेची इस्त्री लागते. टेक्सासात ऑगस्टमध्ये कव्हरं अंगणात पसरली की अर्ध्या तासात ती मऊ होतात. तोच ऑगस्ट पुढे अर्ध्या चड्डीत ट्रकमध्ये बसणाऱ्याच्या मांड्यांचा हिशेब चुकता करतो. कापडी सीटवर हा प्रसंग आलेला नव्हता, पण ते बोलून दाखवायची सोय राहिलेली नसते.

एअरबॅगच्या बाबतीत मात्र थट्टा चालत नाही. ज्या कडेतून एअरबॅग बाहेर फुटते, त्या कडेची शिवण मुद्दाम अशा दोऱ्याने घातलेली असते की आतून धक्का बसताच ती उसवावी. चांगल्या कंपन्यांच्या कव्हरांत ही काळजी घेतलेली असते. कडव्या पंथाला हे ठाऊक हवं, नाहीतर तो कौतुकाने त्या कडेला दुहेरी टाका घालतो. दुसरी गोष्ट शेजारच्या सीटची. अमेरिकेत 2000 साली सुधारलेल्या नियमांनंतर, समोर लहान मूल असेल तर एअरबॅग आपोआप बंद व्हावी म्हणून त्या सीटखाली वजन ओळखणारी यंत्रणा आली. कव्हर वेडंवाकडं ताणलं गेलं, किंवा तार नीट जोडली नाही, तर तिचा अंदाज चुकतो. पहिल्या फेरीला बायको बाजूला बसते आणि समोर दिवा लागतो: ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’. सीटवर मोठं माणूस नाही, असा यंत्राचा निर्वाळा. बायको याचा काय अर्थ घेते ते घरोघरी वेगळं, पण सोमवारी ट्रक वर्कशॉपमध्ये जातो. काहींच्या ट्रकला तर मधल्या काळातच एअरबॅगचा दिवा लागलेला असतो, कारण सीटा बाहेर असताना त्यांनी गाणी ऐकायला किल्ली फिरवलेली असते.

डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी वस्तीत या जातीची एक उपजात वाढीला लागली आहे. हाच माणूस पुण्यात असता तर सीट कव्हरच्या दुकानासमोर गाडी लावून, मालकाशी शंभर-दोनशेवर घासाघीस करून, काम होईतो समोरच्या टपरीवर चहा पीत उभा राहिला असता. घरात खिळा ठोकायलाही त्याने माणूस बोलावला होता. टेक्सासात मजुरीचा तासाचा दर ऐकून त्याच्यातला कारागीर जागा होतो. तो आधी एक्सेलमध्ये तक्ता करतो. त्यात चामडं, अवजारं, कर, सगळं रुपयांत आणि डॉलरांत असतं. स्वतःच्या तासांचा रकाना मात्र नसतो. ऑफिसात ग्राहकाला मिनिटामिनिटाचं बिल लावणारा हा माणूस घरचे दोन दिवस फुकट धरतो आणि त्या पायावर बचतीचा आकडा काढतो. आकडा मोठा असतो. मंडळाच्या गणपतीत तो किमान तिघांना ऐकवला जातो.

या उपजातीपुढे एक प्रश्न असा उभा राहतो जो तिथल्या मूळच्या गादीबहाद्दराला पडत नाही. उन्हाळ्यात आई नागपूरहून येते, ट्रकमध्ये बसते, सीटवरून हात फिरवते आणि विचारते, ‘अरे, हे गाईचं तर नाही ना?’ गादीबहाद्दर शांतपणे म्हणतो, ‘छे गं, रेक्झिन आहे.’ त्याच संध्याकाळी मित्राला तो सांगतो, ‘अस्सल लेदर!’ त्याला खोटं बोलल्याचा दोष देता येत नाही. अशा बहुतेक कव्हरांत, आणि कंपनीच्या तथाकथित चामडी सीटांतही, शरीर जिथे टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो. कडा, बाजू आणि पाठीमागचा भाग व्हिनाइलचा, म्हणजे आपल्या रेक्झिनच्याच जातीचा. आईचा हात बाजूवर होता.

काम झाल्यावर गादीबहाद्दर ओळखण्याच्या खुणा थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. तो ट्रकमध्ये चढताना कडेला घासत नाही, अंग अलगद उचलून बसतो. मागच्या खिशातलं पाकीट पुढच्या खिशात येतं. मुलांना मागच्या सीटवर खाण्याची बंदी होते. जुनी कापडी कव्हरं तो टाकत नाही. काळ्या पिशवीत बांधून गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवतो, लागतील कधीतरी म्हणून. ड्रायव्हरच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिलेली असते. ती कोणालाही दिसत नाही, पण बसणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःच दाखवतो, म्हणजे बाकी कुठे नाही हे आपोआप सिद्ध होतं.

काम वाईट झालेलं नसतं, हे मान्य करायला हवं. दुकानातल्या कारागिराने केलेलं आणि त्याने केलेलं यांतला फरक सांगायला दुसरा गादीबहाद्दरच लागतो आणि तो सांगतोच. दोन गादीबहाद्दर एका पार्किंगमध्ये भेटले तर दोघांच्या घरची जेवणं थंड होतात.

अशा गृहस्थाने शनिवारी सकाळी फोन करून ‘दहा मिनिटं येऊन जा, नुसतं धरायचंय’ असं म्हटलं, तर जेवून निघावं, जुने कपडे घालावे, पायात बूट ठेवावेत आणि घरी सांगून जावं की रविवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका.