कुलूपकाका

कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एक प्रकार ओढून चालू लागतो. दुसरा जिना उतरून खाली गेल्यावर पुन्हा वर येतो. आमचे कुलूपकाका दुसऱ्या प्रकारातले. कुलूपही साधंसुधं नाही, सात लिव्हरचं नवताल. आणि आत चोराने न्यावं असं काय, तर काकूंच्या लोणच्याच्या बरण्या.

प्रत्येक सोसायटीत असा एक काका असतोच. बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेला, आधारच्या झेरॉक्सवर ‘फक्त गॅस कनेक्शनसाठी’ असं लिहून तिरकी सही ठोकणारा, एटीएमच्या पावतीचे तुकडे करून ते दोन वेगळ्या कचरापेट्यांत टाकणारा. त्यांना भित्रे म्हणणं अन्यायाचं होईल, त्यांना वळणच तसं लागलेलं असतं. आमच्या काकांची हयात बँकेच्या स्ट्राँगरूमपाशी गेली. तिथे तिजोरीला दोन किल्ल्या. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार हलायचं नाही. तेव्हापासून एका किल्लीने उघडणाऱ्या कोणत्याही वस्तूवर काकांचा विश्वास नाही.

अशा माणसाला मुलाने लॅपटॉप घेऊन दिला.

त्या लॅपटॉपमध्ये तीन फोल्डर आहेत : ‘महत्त्वाचे’, ‘अति महत्त्वाचे’ आणि ‘महत्त्वाचे नवीन’. त्यांत पेन्शनच्या स्लिपा, फ्लॅटच्या इंडेक्स टूचं स्कॅन, गावच्या जमिनीचा सातबारा, इच्छापत्राचे सगळे मसुदे (मुलगा फोन करायला विसरला की नवा मसुदा होतो) आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिलेली, न पाठवलेली पत्रं. काकांच्या मते यातली सर्वांत स्फोटक सामग्री शेवटची.

ठिणगी टाकली बंगळुरूच्या भाच्याने. व्हिडिओ कॉलवर तो सहज बोलून गेला, “मामा, विंडोजचा पासवर्ड हा नुसता दिखावा. चोर मागचे स्क्रू काढेल, आतली डिस्क दुसऱ्या मशीनला जोडेल आणि सगळं वाचेल. फाइली एन्क्रिप्ट करून टाका. मग त्याला डिस्कवर नुसती खिचडी दिसेल.”

त्या रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी बँकेची जुनी डायरी काढली, पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली, डावीकडे ‘फायदे’ आणि उजवीकडे ‘तोटे’ लिहिलं. आता कुणाला वाटेल, आठवड्याभरात निकाल लागेल. पण निर्णय घेणं हा या मंडळींचा छंद नसतो. निर्णयापूर्वीची छाननी हा असतो.

फायद्यांची बाजू आधी भरली. लॅपटॉप रिक्षात विसरला, तरी जाईल ती वस्तू, कागद नाही. जुना विकताना मागे काही उरलं का, ही धास्ती नाही. मशीन मंदावेल ही शंका भाच्याने उडवून लावली. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये या कामाची सोय मुळातच असते, फरक जाणवतसुद्धा नाही. मग काकांनी कुलपाच्या घराण्याची चौकशी केली. भाच्याने सांगितलं की यामागची एईएस नावाची पद्धत डेमेन आणि रायमेन या दोन बेल्जियन गृहस्थांनी रचली आणि अमेरिकन सरकारने ती २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. काका खुलले. “बेल्जियमचे ना? त्यांचे आरसे माझ्या आजोळी होते. शंभर वर्षांत डाग नाही पडला.” फायद्यांच्या रकान्यात नोंद झाली : ‘माल बेल्जियमचा.’

तोट्यांच्या बाजूला मात्र नुसता हाहाकार. ट्रूक्रिप्ट नावाचं याच कामाचं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं. २०१४ च्या मे महिन्यात ते बनवणाऱ्यांनीच ‘हे वापरणं सुरक्षित नाही’ अशी पाटी लावून दुकान गुंडाळलं. हे कळल्यावर काकांनी दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. त्यात स्टीफन थॉमस या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रोग्रामरची २०२१ साली गाजलेली कथा त्यांच्या वाचनात आली. त्याचे ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद ड्राइव्हमध्ये अडकलेले, पासवर्डचा कागद हरवलेला. दहा चुकीचे प्रयत्न झाले की ड्राइव्ह कायमचा बंद, आणि आठ संपलेले. काकांनी ही कथा आम्हा सर्वांना बाकावर बसवून ऐकवली. “चोराने नेलं असतं तर निदान पोलिसांत तक्रार करता आली असती,” ते म्हणाले. “इथे तक्रार कुणाविरुद्ध करायची? स्वतःविरुद्ध?”

खरा पेच तिथेच होता. चोर येईल की नाही, याला जर-तर आहे. विसरण्याला नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस पासवर्ड लक्षात ठेवणार कसा? काकांच्या डोक्यात राहणारा पासवर्ड एकच, ई-आधारच्या पीडीएफचा : नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. पण त्यांच्या पंच्याहत्तरीचं जेवण सबंध सोसायटी जेवली होती. जन्मसाल लपवायचं कुणापासून?

भाच्याने धीर दिला. “पासवर्ड विसरलात तरी रिकव्हरी की असते, मामा. अठ्ठेचाळीस आकडी. सहा-सहाचे आठ गट.”

आठ गट ऐकताच काकांमधला बँक अधिकारी जागा झाला. दोन किल्ल्यांची तिजोरी सांभाळलेल्या माणसाला आता आठ किल्ल्या मिळत होत्या. त्यांनी योजना आखली : प्रत्येक गट एकेका नातेवाइकाकडे. पहिले सहा आकडे थोरल्या भावाकडे साताऱ्याला, पुढचे सहा मेहुण्याकडे अकोल्याला, मग आत्येभाऊ, व्याही, असं करत आठवा गट नागपूरच्या मावसबहिणीकडे. कुणा एकाला काही कळणार नाही, आणि सगळे मिळून सगळं उघडेल.

काकू भाजी निवडत ऐकत होत्या. “अहो, मेहुणा तुमच्याशी तीन वर्षं बोलत नाही.”

“बोलेल. लॅपटॉपसाठी बोलेल.”

“आणि आठही जण एकदम भेटायचे कधी? कुणाच्या तरी तेराव्यालाच ना?” काकूंनी गवारीची शीर ओढली. “तो तुमचा असला, तर लॅपटॉप उघडून करायचंय काय?”

योजना बारगळली. डायरीत तिच्यावर आडवी रेघ आणि तारीख पडली.

छाननी अशी चालू असताना लॅपटॉपची प्रत्यक्ष राहणी कशी होती, हेही सांगायला हवं. काका फिरायला जात तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर उघडाच असे, कारण पुन्हा पासवर्ड टाकायचा कंटाळा. कीबोर्ड बिघडला तेव्हा तो दुरुस्तीला गेला, झाकणावर पासवर्डची चिठ्ठी सेलोटेपने चिकटवून. वर ‘कृपया इतर काही पाहू नये’ अशी विनंती. आणि तिन्ही फोल्डरांची नक्कल असलेला पेन ड्राइव्ह स्कूटरच्या किल्लीला लटकवून मंडईत भाजी आणायला जाई. भाच्याने बजावलं होतं, की मशीन चालू आणि उघडं असताना एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही, ते बंद मशीनचं रक्षण करतं. काकांनी तेही इमानाने तोट्यांत लिहिलं : ‘बंद ठेवावे लागते.’

दिवाळीला भाचा घरी आला. फराळाची बशी एका हातात धरून त्याने दुसऱ्या हाताने सेटिंग्ज उघडली आणि चकलीचा तुकडा तोंडातच राहिला. “मामा, हे डिव्हाइस एन्क्रिप्शन चालूच आहे. पहिल्या दिवसापासून.”

नव्या विंडोजमध्ये असं होतं. मशीन सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं, की पुष्कळ लॅपटॉप न विचारताच डिस्क कुलूपबंद करतात आणि रिकव्हरी की त्या खात्यात नेऊन ठेवतात. काका मट्‌कन खाली बसले. दोन दिवाळ्या ज्याची छाननी केली, ते कुलूप कधीच लागलेलं होतं. मग त्यांना नीट धडकी भरली. “खातं कुणाचं? तो दुकानातला पोरगा बसला होता सुरू करायला!”

“माझं,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “त्याने ई-मेल विचारला. तुम्ही म्हणालात, मी अनोळखी माणसाला ई-मेल देत नाही. मग मी माझा दिला, भजनी मंडळाचा.”

अठ्ठेचाळीस आकडे तिथे सुखरूप होते. भाच्याने ते कागदावर उतरवून दिले आणि मोठ्या समाधानाने दुसरी चकली घेतली. त्याला वाटलं, विषय संपला.

रात्री काकांनी नवं पान उघडलं. मधोमध रेघ, वर शीर्षक : ‘लागलेले कुलूप ठेवावे की काढावे?’ उजवीकडे, तोट्यांत, पहिली नोंद लगेच झाली : ‘किल्ली हिच्याकडे.’ मग पेन बराच वेळ हवेत राहिलं. आतून काकूंनी दूध गरम केल्याचं सांगितलं, गोळी घेतली का विचारलं, आणि चष्मा कपाळावर आहे हेही सांगितलं. काकांनी चष्मा खाली ओढला आणि डावीकडे, फायद्यांत, पहिली नोंद केली : ‘किल्ली हिच्याकडे.’