नवरंग, जरा इकडे बघ!

पाऊस उतरला की नवरंग कर्नाळ्याच्या रानात शीळ घालू लागतो, आणि त्याच्या मागोमाग सहाशे एमएमच्या लेन्स येतात. पक्षी मुठीएवढा, लेन्स हाताएवढी. बघायला साधी दुर्बीण पुरते; पण नुसतं बघून स्टेटसला काय ठेवणार?

हा गडी पालापाचोळा उलथून किडे टिपणारा, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांत बोलावणारा. तेवढी वाट बघायला वेळ कोणाला आहे? मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवायची. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरट्याचं काम टाकून तावातावाने फांदीवर येतो. खटाखट क्लिक. 'काय पोझ दिली राव!' पोझ कसली, तो शिव्या देतोय. मग पुन्हा वाजवा; मागच्यांना फोकस मिळाला नाही.

घरट्यांचं तर विचारूच नका. पिल्लं नीट दिसावीत म्हणून आडवी डहाळी हळूच मोडायची. उन्हाची आणि कावळ्याची, दोघांचीही सोय. फोटोखाली 'निसर्गाची किमया'. जागा अर्थात गुप्त, म्हणजे चारच ग्रुपवर टाकलेली.

सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आलं, ते पक्षी ओळखता यावा म्हणून. आता फोटो आधी, लाइक नंतर, आणि सगळ्यात शेवटी 'आयडी प्लीज'.

इकडे सोसायटीच्या वडावर हरियाल, आपला राज्यपक्षी, निवांत फळं खात असतो. कोणी मान वर करत नाही. तिथे जायला पहाटे चारला निघावं लागत नाही ना!