रंगवा आपला आपण बांगडा

भाट्याच्या खाडीवर गरीला जिवंत कोळंबी लावून बसणारा माणूस तांबोशी घेऊन जेवणाच्या वेळेला घरी पोचतो. हा मार्ग तुमचा नव्हे. तुम्ही घरच्या घरी लूर बनवणार आहात. म्हणजे लाकडाचा मासा कोरायचा, रंगवायचा आणि तो खऱ्या माशाला खरा वाटेपर्यंत संसाराकडे बघायचं नाही. अभिनंदन! खालच्या सूचना क्रमाने पाळा.

१. लाकूड पांगाऱ्याचं घ्या. हलकं असतं, सुरीला चटकन वश होतं. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार त्याचीच. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. पण तो गरीब माणूस, त्याला मासे पकडायचे होते.

२. नमुन्यासाठी मिरकरवाड्याहून ताजा बांगडा आणा. शिळ्याच्या पाठीवरची सोनेरी झाक उडालेली असते. दोन आणलेत तर उत्तम, नाहीतर रेषा मोजून होण्याआधीच नमुना तव्यावर जातो. पुढच्या पराजवळचा काळा ठिपका विसरू नका. तो तपासल्याशिवाय जिताडा तोंड उघडत नाही, अशी तुमची श्रद्धा हवी.

३. सीलर, पॉलिशपेपर, पांढरा प्रायमर, पुन्हा पॉलिशपेपर. कंटाळा आला की पुन्हा पहिल्यापासून.

४. आता खवले. कांद्याच्या पिशवीची जाळी माशावर ताणून बांधा आणि वरून एअरब्रशने निळसर हिरवा फवारा. जाळी सोडली की खवले उमटतात. कॉम्प्रेसरची किंमत घरात सांगू नका. विषय निघालाच तर ‘गणपतीच्या मखरासाठी आणलाय’ म्हणा. पाठ गडद ठेवा, पोट पांढरं. वरून बघणाऱ्याला गडद पाठ खोल पाण्यात मिसळलेली दिसते, खालून बघणाऱ्याला पांढरं पोट उजेडात विरतं. थोडक्यात, बांगडा ज्या रंगांनी जन्मभर लपतो, तेच रंग तुम्ही त्याने नजरेत भरावं म्हणून लावताय. यावर फार विचार करू नका.

५. गळ्याशी लालभडक पट्टा हवाच. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी मावळतो, काही मीटर खाली तो काळपट दिसतो. पण तुमचे गरवणारे मित्र काठावरच उभे असतात. घरातलं नेलपॉलिश चालतं. बाटली जागेवर ठेवताना लेबल होतं तसंच समोर येऊ द्या.

६. शेवटचा हात इपॉक्सीचा. दोन भाग सारखे मोजून कालवा, लावा आणि सुकेपर्यंत मासा फिरता ठेवा. त्यासाठी जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर झकास. (मायक्रोवेव्ह जुना नसेल तर थांबा, होईल.) हे काम जुलैतच करायचा मोह तुम्हाला होणार, कारण तेव्हा बाहेर पडता येत नाही. दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरकी, तेलकट साय धरते. शिवाय ऐन वेळी वीज जाते, मोटर थांबते आणि सगळा लेप पोटाशी ओघळून टेंगूळ येतं. घाबरू नका. गाबोळीचा बांगडा म्हणून तो अधिक भावाने दाखवता येतो.

७. त्रिशूळ गऱ्या अडकवा. गालिच्यावर नको.

८. आता पाण्यात टाकण्याबद्दल. भगवती बंदराकडच्या खडकांना रंगकामाची उत्तम पारख आहे. डब्यातला सर्वांत देखणा लूर ते अचूक निवडतात आणि परत देत नाहीत. म्हणून फेकायला बाजारातला एखादा पोपडे उडालेला घ्या. स्वतःचे डब्यात ठेवा आणि डबा जेटीवर उघडा टाका. चार माणसं जमतील, हातात घेऊन बघतील, ‘स्वतः केलात?’ विचारतील. तेवढ्यात मागून कोणीतरी ‘काय गावलं काय?’ म्हणणारच. पावसाळा असेल तर पाणी गढूळ होतं म्हणा. नसेल तर फारच निवळ होतं.