नवरा आहे? नको. नवरा नाही? नको.

मुलाखतीला आलेल्या मुलाला विचारतात, "नोटीस पीरियड किती?" मुलीला विचारतात, "मग लग्नाचं काय चाललंय?" लग्न झालेलं असेल तर "गुड न्यूज?" आणि मूल असेल तर "त्याला कोण बघतं?" हे विचारणाऱ्या साहेबांच्या टेबलावर त्यांच्या दोन मुलांचा फ्रेममधला फोटो असतो. त्या दोघांना कोण बघतं, हे साहेबांना आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगता येईलच असंही नाही.

ही चौकशी काही हल्लीच्या एचआरवाल्यांनी शोधलेली नाही. सरकारने ती नियमातच छापली होती. परराष्ट्र सेवेतल्या बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि नंतर संसार कामाच्या आड येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा बढतीत डावलल्या गेल्या तेव्हा थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने बढती देऊन टाकली. पण १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी खडसावलंच: संसार काय फक्त बायकांच्याच कामाच्या आड येतो?

एअर इंडियाचा हिशेब तर आणखी चोख होता. हवाईसुंदरीची नोकरी पस्तिशीला संपायची. त्याआधी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच, आणि पहिल्यांदा दिवस गेले तर लगेच. त्याच विमानात ट्रे फिरवणारा पुरुष मात्र अठ्ठावन्नपर्यंत उडत राही. त्याचं पोट सुटलं तरी नियमाला त्याचं काही नव्हतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी लढल्या. १९८१ मध्ये कोर्टाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि चार वर्षं लग्न न करण्याची अट ठेवली. का? तर म्हणे त्यामुळे कुटुंबनियोजनाला हातभार लागतो! लाल त्रिकोणाची जबाबदारी अशी विमानात बसून गेली.

१९८८ साली लष्करातल्या एका नर्सला लग्न केलं म्हणून घरी पाठवलं. सुप्रीम कोर्टाने तिला ६० लाखांची भरपाई दिली २०२४ मध्ये. लग्नाचा आहेर इतक्या उशिरा पोचल्याचं दुसरं उदाहरण निदान आमच्या ऐकिवात नाही.

तर एकूण नोकरीला लग्न चालत नाही, असं तुमचं मत झालं असेल. मग बीडला या. इथे लग्न झालेलीच लागते.

ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्यातून एकटी बाई असेल तर मुकादम दोनदा विचार करतो. कागदावर दोन माणसं मिळून एक नग. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेबाला नवरा, आणि मोळी बायकोच्या डोक्यावर. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकऱ्या थापायच्या, पोराला फडाच्या कडेला ठेवायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायच्या. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला. पण ज्या बाईचं वेगळं वेतनच नाही, ते समान कशाशी करणार?

खाडा झाला की दंड. पाळी आली, पोट दुखलं, मुकादमाच्या वहीत तो खाडाच. फडावर ना संडास, ना आडोसा, वर पोटदुखीवर कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर. मग गर्भपिशवीच काढून टाकायची, कटकट नको. २०१९ मध्ये बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी चाळिशीच्याही आतल्या.

मग सरकार हललं. पिशवी काढायची तर खासगी डॉक्टरने आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असं ठरलं. खाड्याचा दंड कापायला मात्र मुकादमाला अजून कुणाचीही परवानगी लागत नाही.